वर्कफ्लो सॉफ्टवेअरचा डेमो बघायच्या आधी हे लिहून काढा
वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर (म्हणजे ऑफिसातली कामं, मंजुऱ्या एकाकडून दुसऱ्याकडे पुढे नेणारं) घ्यायचं ठरलं की लोक डायरेक्ट डेमो मागवतात, मग समोरचा छान डॅशबोर्ड दाखवतो आणि आपली गरज काय होती तेच बाजूला राहतं. आधी एकच प्रोसेस घ्या, समजा परचेसची मंजुरी, आणि ती रोज खरोखर कशी चालते ते स्टोअरवाल्याकडून, अकाउंट्सच्या माणसाकडून ऐकून लिहा. साहेब सुट्टीवर असले तर सही कोण करतं, रेट बदलला तर पीओ (परचेस ऑर्डर) कुठपर्यंत मागे जातो, अर्जंट माल फोनवर मागवला तर कागद नंतर कसा होतो... खरी रिक्वायरमेंट या अपवादांमध्येच असते, सरळ मंजुरी तर बहुतेक सगळीच सॉफ्टवेअर करतात. "टॅलीशी जोडता यायला हवं" असं मोघम नको, कुठला डेटा, कुठून कुठे, किती वेळाने ते लिहा. आणि हो, प्रोसेसचे डायग्राम बीपीएमएन २.० (प्रोसेसचे डायग्राम काढायची ठरलेली पद्धत) फाइलमध्ये एक्स्पोर्ट होतात का हे नक्की विचारा, २०११ पासूनचं ओपन स्टँडर्ड आहे, उद्या व्हेंडर बदलला तर निदान नकाशा तरी आपल्याकडे राहतो (फॉर्म वगैरे बहुतेक नव्याने करावे लागतात). डेमोत मग तुमचीच एखादी अपवादाची केस चालवून दाखवायला सांगा.