बीट्रिक्स पॉटर यांच्या चित्रशैलीचा अभ्यास कसा करावा

बालपुस्तकांतील एखाद्या अभिजात चित्रकाराची शैली अभ्यासायची म्हटले की लक्ष आधी रेषा आणि रंग यांकडे जाते. इंग्रज लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर (१८६६–१९४३) यांच्या बाबतीत मात्र सुरुवात सशाच्या शरीररचनेपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यांनी पाळलेल्या सशांची आणि उंदरांची वर्षानुवर्षे रेखाटने केली, मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे न्याहाळले, अळंब्यांची शेकडो जलरंगचित्रे काढली. म्हणूनच त्यांचा ससा निळा कोट घालून दोन पायांवर उभा राहिला, तरी कोटाखालचा खांदा आणि मागचा लांब पाय सशाचाच राहतो. हे त्यांनी कसे साधले, याचा शोध म्हणजे हा अभ्यास.

त्यासाठी एकच पुस्तक निवडावे, आणि ते १९०२ साली प्रसिद्ध झालेले पीटर सशाचे, म्हणजे ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’, असावे. या गोष्टीचे मूळ ४ सप्टेंबर १८९३ रोजी एका आजारी मुलाला लिहिलेल्या सचित्र पत्रात आहे. पत्रातील झरझर काढलेली चित्रे आणि पुस्तकातील पूर्ण चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर कोणती गोष्ट पहिल्यापासून ठरलेली होती आणि कोणती नंतर आली, हे उमगते.

त्यानंतर चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून पाठीच्या कण्याची एकच वक्ररेषा काढावी आणि खांदा, कंबर, गुडघा व टाच यांच्या जागी ठिपके द्यावेत. कोट अजिबात काढू नये. अशी पाच-सहा चित्रे झाली की कपडे आणि देहबोली यांचा संबंध दिसू लागतो. पीटर अंगात कोट असताना माणसासारखा चालतो. बागेत पळताना त्याचे जोडे हरवतात तेव्हा तो चार पायांवर धावू लागतो आणि अधिक वेगाने धावतो. पुढे कोटाची मोठी बटणे जाळीत अडकतात, कोटही मागे राहतो आणि उरतो तो निव्वळ घाबरलेला ससा. कपडे इथे सजावटीसाठी नाहीत, कथा पुढे नेण्यासाठी आहेत. प्रत्येक चित्रात कानांची दिशाही टिपून ठेवावी, कारण चेहऱ्याला माणसाच्या भुवया किंवा हसू न देता पॉटर यांनी भीती आणि कुतूहल कानांतून व अंगाच्या ताणातून दाखवले आहे.

पुस्तकातून एवढे हाती आले की वही घेऊन सकाळी कमाटीबागेत जावे. वडोदऱ्यात राहणाऱ्यांना ही सोय घराजवळच आहे. झाडाखालची खार क्षणभरही स्थिर राहत नाही, म्हणून एकाच पानावर पाच-सहा रेखाटने अर्धवट सोडावीत आणि खार पुन्हा त्याच पवित्र्यात आली की त्या रेखाटनाकडे परतावे. बागेतच असलेल्या संग्रहालयातील पेंढा भरलेले प्राणी पंजा, कान, डोके यांची प्रमाणे मोजण्यास उपयोगी पडतात. पवित्रा मात्र त्यांच्यावरून घेऊ नये, कारण तो प्राण्याचा नसून पेंढा भरणाऱ्याने दिलेला असतो.

रंगकामाविषयी थोडक्यात सांगता येईल. पुस्तकाचे पान जेमतेम १४ सेंटिमीटर उंच आणि ११ सेंटिमीटर रुंद आहे. सरावही साधारण त्याच मापात करावा, म्हणजे तपशील कुठे थांबवायचा हे हाताला कळते. चौकट आखू नये, चित्राच्या कडा पांढऱ्या कागदात विरू द्याव्यात. आधी जलरंगाचा पातळ थर द्यावा, तो वाळल्यावर बारीक कुंचल्याने अंगाच्या गोलाईप्रमाणे केसांच्या आखूड रेषा काढाव्यात. त्यांच्या फिकट हिरव्या-करड्या छटा मात्र जशाच्या तशा उचलू नयेत. तो इंग्लंडचा ढगाळ उजेड आहे. एप्रिलमध्ये वडोदऱ्यात सावल्या गडद आणि काठाशी धारदार पडतात, तेव्हा रंग इथले पाहूनच लावावेत.

शेवटी स्वतःचे एक चित्र करावे. पाठीवर पट्टे असलेल्या आपल्या खारीला बंडी घालून पाहावी. पुढच्या दोन्ही पंजांत दाणा धरून बसण्याची तिची सवय चित्रकाराला फार मोलाची आहे, कारण माणसासारखे बसवण्यासाठी तिचे अंग मोडावे लागत नाही. शेपटी बंडीच्या खालून कशी निघेल, हे आधीच ठरवावे. चित्र पुरे झाले की त्यावरही ट्रेसिंग पेपर ठेवून कणा आणि सांधे शोधावेत. खांदा सापडला नाही, तर बंडी पुसून खार पुन्हा काढावी आणि मगच तिच्या अंगाला बसेल अशी बंडी बेतावी.