गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

गीझरमधून पाणी टपकत असेल, तर आधी मुख्य स्विच बंद करून ते नेमके कोठून येते हे पाहावे, कारण बहुतेक वेळा निर्णय तेथेच होतो. पाइपच्या जोडातील किंवा सेफ्टी व्हॉल्व्हमधील गळती किरकोळ खर्चात थांबते. मात्र आतली टाकीच गंजून फुटली असेल, तर वेल्डिंगचा आग्रह धरू नये, कारण त्या उष्णतेने टाकीच्या आतील काचेचा मुलामा तडकतो आणि गंज पुन्हा सुरू होतो.

पाणी तापतच नसेल, तर दोष बहुधा कॉइलचा किंवा थर्मोस्टॅटचा असतो आणि हे दोन्ही भाग बदलता येतात. बोअरवेलच्या जड पाण्याने कॉइलवर क्षारांचा थर चढतो, तो काढताना मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही तपासून घ्यावा. टाकीऐवजी तो झिजतो आणि तो संपला की गंज टाकीकडे वळतो, ही गोष्ट मेकॅनिक आपणहून क्वचितच सांगतात.

नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वापर तत्काळ थांबवून घराचे अर्थिंगही तपासून घ्यावे. टाकीची वॉरंटी अनेकदा इतर भागांपेक्षा अधिक वर्षांची असते, म्हणून नवा गीझर घेण्यापूर्वी जुन्याचे कार्ड शोधावे.