किलार्नीच्या तळ्यांकाठी सायकल चालवायची तर: तयारी तुळजापूर घाटात, राईड आयर्लंडमधे

मागच्या जूनमधे आयर्लंडला पंधरा दिवस राहून आलो, भाची कॉर्कला नर्स आहे तिच्याकडं. आल्यापासून इथं सोलापुरात रविवारच्या राईडला दर वेळी कुणीतरी विचारतंयच की तिकडं सायकल कुठं चालवायची, किती, कशी. एकानं तर सरळ विचारलं, "एवढ्या लांब कशाला बे, हिप्परग्याला तळं नाय का?" आहे की. पण तळ्याला लागून डोंगर आणि डोंगरातून डांबरी रस्ता, हे आपल्याकडं एका जागी मिळत नाही. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा सुकला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

आधी एक सांगतो, रिंग ऑफ केरीच्या नादाला लागू नका. आयर्लंड आणि सायकल म्हणलं की हेच नाव पहिलं येतं, १७९ किलोमीटरची गोल फेरी, किलार्नीतून निघून किलार्नीत परत. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब राईड, मारलेल्या माणसाला १७९ म्हणजे किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्यातला बराचसा रस्ता म्हणजे टुरिस्ट गाड्यांचा मेन रोड, मोठ्या बसेस सगळ्या एकाच दिशेनं निघतात, किलॉर्गलिन गावाकडून घड्याळाच्या उलट्या दिशेनं, आणि आपल्याला जे बघायचंय ती तळी आणि जंगल हे शेवटच्या पंचवीस किलोमीटरात येतं, तोवर पाय गेलेले असतात आणि माणूस मान खाली घालून फक्त हॉटेल गाठायच्या मागं असतो. जुलैच्या सुरुवातीला तिथं याच रस्त्यावर मोठी चॅरिटी राईड असते, हजारो लोक असतात, तेव्हा गेलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा रस्ता सायकलवाल्यांचाच असतो. एरवी आतली छोटी फेरी मारा.

ती अशी. किलार्नी गावातून गॅप ऑफ डनलो ही खिंड, तिथून ब्लॅक व्हॅली, मग मोल्स गॅप, लेडीज व्ह्यू आणि तळ्याच्या कडेकडेनं परत किलार्नी. सगळं मिळून ५५ किलोमीटरच्या आसपास. हसू नका. आपले ५५ आणि हे ५५ यात फरक आहे, पुढं सांगतो.

सकाळी आठच्या आत निघा. जूनमधे तिथं सव्वापाच-साडेपाचला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळं वेळेची कमी नाही, लवकर निघायचं ते टांगे टाळायला. गॅपच्या तोंडाला केट कर्नीज कॉटेज म्हणून हॉटेल आहे, तिथून पुढं टुरिस्ट लोक घोड्याच्या टांग्यात बसून वर जातात. त्याला ते जॉन्टिंग कार म्हणतात. रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि समोरून टांगा आला की आपण पाय टेकवून उभं राहायचं. मागून जाताना घंटी वाजवू नका, घोडा बिचकतो, नुसतं हाक मारून सांगा. आणि ओली लीद म्हणजे साबणच समजा. हे सगळं सकाळी लवकर गेलात तर लागतच नाही, मला येताजाता फक्त मेंढ्या भेटल्या, पाठीवर निळा-लाल रंग फासलेल्या, कुणाची कुठली ते ओळखायला.

या खिंडीच्या उजव्या अंगाला मॅकगिलिकडीज रीक्सची रांग आहे, त्यात आयर्लंडचं सगळ्यात उंच शिखर, कॅरनटूहिल, १०३८ मीटर. डावीकडं पर्पल माउंटन. मधे एकामागं एक छोटी तळी, काळ्या पाण्याची. चढ सुरुवातीला सोपा वाटतो, मग एकदम भिंतीसारखा उभा राहतो, दोनशे मीटर, परत सपाट, परत भिंत. इथंच आपल्या माणसाचा घोळ होतो. आपला तुळजापूर घाट कसा, एकदा लय लागली की गिअर न बदलता वरपर्यंत जाता येतं. तिथं लयच लागू देत नाहीत. सपाटीला जोर काढला की पुढच्या भिंतीला श्वास नाही. म्हणून सपाटीला मुद्दाम सुस्त चालवा, पाणी प्या, फोटो काढा, आणि भिंत यायच्या आधीच गिअर हलका करून ठेवा, भिंतीवर गेल्यावर करायला गेलात तर चेन कुरकुरते आणि एखाद्या वेळी उतरतेच.

खिंड ओलांडली की खाली ब्लॅक व्हॅली. वीज आणि टेलिफोन आयर्लंडमधे सगळ्यात शेवटी पोचलेल्या भागात हिचं नाव घेतात, म्हणजे १९७० च्या दशकात. मोबाइलच्या रेंजवर इथं अवलंबून राहू नका, रूट आधीच फोनमधे डाउनलोड करून ठेवा. मोल्स गॅपची पाटी बघून वळायचं आणि परत चढ. वर मोल्स गॅपला चहा-कॉफी मिळते, गर्दी असते, पण मी म्हणतो तिथं थांबू नका, तसंच डावीकडं एन ७१ या मेन रोडला लागा आणि पाचेक किलोमीटर उतरून लेडीज व्ह्यूला थांबा. १८६१ मधे व्हिक्टोरिया राणी आली होती तेव्हा तिच्यासोबतच्या बायकांना ही जागा फार आवडली म्हणून हे नाव. वरचं तळं, मधे ओकचं जंगल, मागं डोंगर, सगळं एका नजरेत. मी तिथं कठड्यावर बसून खिशातली कडक भाकरी काढली, शेंगा चटणी पुडीतली, आणि पहिला घास घेतला की पाऊस आला. असा नाही की जोराचा, पिठासारखा, बाजूनं येणारा. भाकरी दोन मिनटात मऊ झाली, जी घरी मोडायला बत्ता लागतो.

आणि फेरी याच दिशेनं का, तर आयर्लंडमधे पण आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आणि मोल्स गॅपकडून किलार्नीला उतरताना तळी आपल्या डाव्या हाताला येतात. उलट गेलात तर मधे गाड्यांची रांग आणि पलीकडं पाणी. उतारावर एका ठिकाणी खडक फोडून केलेला छोटा बोगदा आहे, लांब नाही, पण मागचा लाल लाइट चालू ठेवा. खाली टॉर्क धबधब्यापाशी सायकल लावून पाच मिनटं चालत वर जा. मग मक्रॉस आणि परत गाव. हा सगळा भाग किलार्नी नॅशनल पार्कमधे येतो, १९३२ पासूनचं, आयर्लंडचं पहिलं.

चढ नको असेल किंवा बायको-पोरं सोबत असतील तर अजून एक युक्ती आहे. रॉस कॅसलच्या धक्क्यावरून सकाळी बोटी निघतात, सायकल बोटीत आडवी ठेवून घेतात, तिन्ही तळी पार करून लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला सोडतात, आणि तिथून गॅपमधून सायकलनं परत यायचं. एक चढ आहेच, पण एकच. बोट आदल्या दिवशी बुक करा.

दुसरा दिवस हातात असेल तर हीली पास ही दुसरी खिंड. केनमेअर गावातून निघायचं, लॉरा, मग पास, पलीकडं आड्रिगोल, ग्लेनगॅरिफ आणि बोगद्यांच्या रस्त्यानं परत केनमेअर, ८० च्या घरात. लॉराकडून चढलात तर मागं वळून बघा, ग्लॅनमोर तळं खाली पडलेलं दिसतं. पलीकडचा उतार म्हणजे नुसती वळणावर वळणं. हा रस्ता १८४७ च्या दुष्काळात पोटासाठी काम म्हणून काढला, बटाट्याचं पीक सडलं आणि लोक मरायला लागले तेव्हा. हे वाचलं आणि मला आमची आजी आठवली, ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि सुकडी मिळायची ते सांगायची. चढताना मग तक्रार करायची इच्छा राहत नाही.

डब्लिनलाच राहणार असाल तर केरीपर्यंत जायची गरज नाही, विकलो डोंगर जवळ आहे. ग्लेंडालॉकची दोन तळी, सॅली गॅप, लॉक टे. उघडा माळ आहे, वारं फार. चांगलं आहे पण माझं मन केरीतच.

आता सायकल. मी इथून नेली नाही, भाड्यानं घेतली. फोनवर दोनदा सांगितलं होतं की पुढं ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागं ३२ ची पाहिजे, म्हणजे चढाला हलका गिअर, तरी दुकानात गेलो तर ५२-३६ आणि मागं २८ हातात दिली, म्हणे हीच शिल्लक आहे. दुकानाचं नाव नको. गॅपच्या शेवटच्या वळणाला ती सायकल मी हातानं ढकलली, हे इथं कबूल करतो. म्हणून बुकिंग करताना दात लेखी मागून घ्या, मागं ३४ मिळाला तर अजून चांगलं, लाज वाटायचं कारण नाही. टायर २८ मिलिमीटरच्या खाली नको, कारण तिकडच्या आतल्या रस्त्यांवर डांबरावर बारीक खडी दाबलेली असते, २५ चं टायर हाताला मुंग्या आणतं. पेडल आपले न्या, पिशवीत बसतात. ब्रेकची भीती नको, पुढचा ब्रेक उजव्या हातालाच असतो, आपल्यासारखा.

आणि कॅटल ग्रिड. मेंढ्या पलीकडं जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडव्या लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात, मधे फटी. त्यावरून सरळ जायचं, हँडल घट्ट नको, आणि ब्रेक अजिबात नाही. मी एका उतारावर ओल्या ग्रिडवर घाबरून मागचा ब्रेक दाबला, चाक बाजूला गेलं, कोपर आणि मांडी दोन्ही सोलली. मागून एक ट्रॅक्टरवाला आला, थांबला, "यू ग्रँड?" म्हणाला. तिकडं ग्रँड म्हणजे ठीक आहेस ना. मी ग्रँड म्हणलं आणि तो गेला.

तयारी इथं कशी करायची. हिप्परग्याच्या बाजूनं तुळजापूर ४५ किलोमीटर, घाट शेवटी येतो म्हणजे थकल्या पायानं चढायची सवय होते. पहाटे पाचला निघा, नंतर हायवेला ट्रकच ट्रक. घाट एकदा चढून दर्शन घेऊन परत येणं ही यात्रा झाली, ट्रेनिंग नाही. खाली उतरून परत चढा, तीनदा, आणि मधेच मुद्दाम शंभर मोजेपर्यंत जोर काढा मग सोडा, परत काढा, म्हणजे त्या भिंतींची सवय होईल. उन्हाळ्यात केलंत तर ऊन मारतं, पण तिथं पंधरा-अठरा डिग्री असणारे, उन्हाचा सराव काही कामाचा नाही. त्यापेक्षा जून-जुलैत पश्चिमेचं वारं सुटतं तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर तासभर चालवा. तिकडचं वारं पण बहुतेक नैऋत्येकडूनच असतं, म्हणून कुठलाही रूट आखताना जाताना वारं तोंडावर आणि येताना पाठीवर येईल असं बघा.

खायचं इथून न्या, भाकरी, चटणी, राजगिऱ्याच्या वड्या. पण तूप, पेढे, खव्याचं काहीही नको, युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. धपाटे चालतात, पण दह्यात मळू नका. व्हिसाचं पण लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमधे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसात, येत नाही, वेगळा काढावा लागतो, आणि जूनमधे जायचं असेल तर मार्चमधेच कागद जमवायला लागा. कॉर्कहून किलार्नीला ट्रेन आहे, मॅलोला बदलायची.

रस्त्याचे नियम सोपे आहेत. एम लिहिलेल्या मोटरवेवर सायकल नाही. दोघं बाजूबाजूनं चालवलेलं कायद्यात बसतं, पण अरुंद रस्त्यावर मागं गाडी आली की एकामागं एक व्हा, ड्रायव्हर हात करून आभार मानतो, आपणही करायचा. आतल्या छोट्या रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पासून वेगमर्यादा ८० वरून ६० केलीय, पण दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण असतं आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून उतारावर पुढं जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला. इमर्जन्सीला ११२, आपल्यासारखाच.

कपड्यांत रेन जॅकेट एक, हातमोजे पूर्ण बोटांचे, आणि सोलापुरी टॉवेल दोन. एक अंगाला आणि एक बुटांसाठी, रात्री ओल्या बुटात कोंबून ठेवायचा, सकाळी बूट घालण्यासारखे होतात. भाचीनं तो टॉवेल बघितला आणि ठेवूनच घेतला.