जबड्यातलं लेजन (हाडातली बिघडलेली जागा, इथे मुद्दाम पाडलेलं भोक) कुठल्या सीटीत दिसतं, ही तुलना करण्याआधीची तयारी

सुके जबडे, गोल बर (दातांच्या ड्रिलचं टोक), मेण, दोन्ही मशिनच्या (दातांची कोन-बीम सीटी, म्हणजे सीबीसीटी, आणि हॉस्पिटलातली मल्टिडिटेक्टर सीटी) वेळा, हे सगळं तुम्ही जमवालच. बरला हात लावायच्या आधी निरोगी जबडा स्कॅन करा. मी मागच्या वेळी उत्साहात दात काढले, सॉकेटच्या (दाताच्या खोबणीच्या) तळाशी भोकं पाडली, दात परत बसवले, सीबीसीटी आणि मल्टिडिटेक्टर दोन्हीवर मस्त स्कॅन केले, आणि आकडेमोडीला बसल्यावर कळलं की लेजन नसलेली एकही जागा आपल्याकडे नाही. सेन्सिटिव्हिटी (असलेली लेजन किती पकडली) निघाली, स्पेसिफिसिटी (निरोगी जागांना किती वेळा बरोबर "नाही" म्हटलं) काढणार कशातून? डोळे मिटून दर वेळी "आहे" म्हणणारा माझ्याकडे शंभर टक्के बरोबर ठरला असता! भोक पाडलेलं हाड काही परत भरून येत नाही. म्हणून आधी स्कॅन, मग ड्रिल. आणि त्या निरोगी स्कॅनच्या आधीसुद्धा दात काढून परत बसवा, नाहीतर दाताभोवतीची फट बघूनच लोक ओळखतात.

लेजन 1 ते 3 मिमी, लहान हवेतच, मोठी दोन्हीकडे दिसतात, मग तुलना कसली. काही नुसती स्पंजी हाडात ठेवा, काही कॉर्टेक्सपर्यंत (हाडाच्या बाहेरच्या कडक थरापर्यंत) न्या.

जबड्याभोवती पाणी किंवा मेण हवंच, कोरडं हाड तसंच स्कॅन केलं तर इमेज उगाच चांगली येते, खऱ्या पेशंटला गाल असतात. सीबीसीटीचा व्हॉक्सेल (इमेजचा सगळ्यात छोटा ठोकळा) आणि एफओव्ही (स्कॅनमध्ये येणारा भाग), मल्टिडिटेक्टरची स्लाइसची जाडी आणि कर्नल (इमेज तयार करायची सेटिंग, बोनचा घ्या) तिथल्या तिथे लिहा, कारण एकीकडे 0.2 मिमीचा व्हॉक्सेल आणि दुसरीकडे 2 मिमीची स्लाइस ठेवून मशिनला नावं ठेवू नका. रेडिएशन डोसचे आकडेही घ्या. सीबीसीटीचे ग्रे आकडे हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं माप) म्हणून वापरायचे नाहीत, का ते विचारू नका, भरवशाचे नसतात एवढं पुरे.

ड्रिलच्या आधीचा स्कॅन झाला? दोन्ही मशिनवर? नक्की?

फाइलच्या नावात "भोक 2 मिमी" लिहू नका (हसू नका, असं होतं). इमेज मिसळून द्या, काही जागा निरोगी आहेत हे सांगा, किती ते नाही. बघणारे किमान दोन, खोली अंधारी, दोन आठवड्यांनी परत तेच, मग कप्पा (kappa, उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा). स्टॅटिस्टिक्सवाल्याला सुरुवातीलाच गाठा, निरोगी जागा किती लागतील ते तो पहिल्या पाच मिनिटांत विचारेल.