ताडोबाच्या सफारीला पहिला डीएसएलआर नेताना या चुका टाळा

जिप्सी थांबते, गाईड हळूच बोट दाखवतो आणि बांबूच्या बेटातून निघालेला वाघ रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात शिरतो. हे सारे कधीकधी वीस सेकंदांतच आटोपते. नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचे फोटो याच वीस सेकंदांत बिघडतात, पण बिघाडाचे मूळ बहुधा आदल्या आठवड्यात घरी न केलेल्या तयारीत असते. ताडोबात पर्यटकांना मोबाईल वापरता येत नाही, त्यामुळे अडलेच तर तिथल्या तिथे शोधून पाहू, ही सोयही उरत नाही.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हिरव्या ऑटो मोडवर विसंबणे. समोरचा प्राणी चालतो आहे की बसला आहे, हे या मोडला ठाऊक नसते. पहाटे सागाच्या सावलीत प्रकाश कमी पडला की तो शटर (सेन्सरवर प्रकाश येऊ देणारा पडदा) हळू करतो आणि वर फ्लॅशही उघडतो, जो जंगलात वापरणे चुकीचेच आहे. त्याऐवजी डायल शटर प्राधान्यावर ठेवावी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो; कॅननवर ती ‘टीव्ही’ आणि निकॉनवर ‘एस’. शटर १/५०० सेकंद ठरवावे, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून त्याची कमाल मर्यादा ६४०० करावी आणि उरलेले काम कॅमेऱ्यावर सोपवावे. आयएसओ वाढला की फोटो कणीदार होतो, या भीतीने अनेकजण तो ४०० वर अडकवून ठेवतात. कणीदार फोटो घरी आल्यावर बऱ्यापैकी सुधारता येतो, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. कॅननच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, सर्वांत लहान आकडा लुकलुकू लागला तर प्रकाश पुरत नाही असे समजावे आणि शटर १/२५० वर आणावे.

फोटो अस्पष्ट आला की दोष लेन्सला देण्याची आपल्याला सवय असते. प्रत्यक्षात अस्पष्टपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि कोणता प्रकार आहे ते फोटोच सांगतो. फक्त तो स्क्रीनवर मोठा करून पाहावा लागतो. झाडे, जमीन आणि प्राणी असे सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. जमीन रेखीव आणि चालत्या वाघाचे पाय तेवढे पुसट असतील तर शटर कमी पडले आहे; लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर सावरते, वाघाची चाल थांबवत नाही. पुढचे गवताचे पाते काटेकोर स्पष्ट आणि मागचा चेहरा धूसर असेल तर चूक फोकसची आहे. ताडोबासारख्या बांबूच्या जंगलात हा तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, कारण फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा सहसा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. त्यावर उपाय एकच: फक्त मधला बिंदू निवडावा आणि तो प्राण्याच्या डोळ्यावर ठेवावा. चालत्या प्राण्यासाठी कॅननवर ‘एआय सर्व्हो’ आणि निकॉनवर ‘एएफ-सी’ हा सतत फोकस जुळवत राहणारा पर्याय लावावा. चौथा प्रकार उन्हाळ्यात भेटतो. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचा प्राणी पाण्यात पाहावा तसा दिसतो. त्यावर कोणतीही सेटिंग चालत नाही. जवळचे फोटो काढावेत किंवा सकाळीच काम उरकावे.

बटण दाबूनही फोटो निघतच नाही, ही तक्रार घाबरवणारी असली तरी तिची कारणे साधी असतात. एकेरी फोकसच्या पर्यायात फोकस लागल्याशिवाय शटर उघडत नाही, आणि लेन्सच्या किमान अंतरापेक्षा वस्तू जवळ असेल किंवा मध्ये फांदी असेल तर फोकस लागत नाही. लेन्सच्या कडेचे बटण पिशवीत घासून ‘एमएफ’कडे, म्हणजे हाताने फोकस करण्याकडे, सरकलेले नाही ना, तेही पाहावे. माझ्या पहिल्या फेरीत रस्त्यालगत सांबर उभे होते आणि कॅमेरा ‘टिक टिक’ करत राहिला. आदल्या रात्री खोलीतल्या दिव्याचा फोटो काढताना लावलेला टायमर मी बंदच केला नव्हता. सांबराने तोवर पाठ फिरवली. तेव्हापासून टायमर आणि बीप दोन्ही बंद आहेत ना, हे मी गेटवरच तपासतो.

व्ह्यूफाइंडरमधून सगळे धूसर आणि फोटो मात्र स्वच्छ, असा प्रकार असेल तर कॅमेरा ठीक आहे. व्ह्यूफाइंडरलगतचे डायॉप्टरचे, म्हणजे आपल्या नजरेनुसार जुळवायचे, छोटे चाक आतले आकडे ठळक दिसेपर्यंत फिरवावे. चष्मा लावून फोटो काढणार असाल तर चष्मा लावूनच फिरवावे. मागच्या स्क्रीनवर पाहून फोटो काढण्याचा मोह टाळावा. पहिल्या खरेदीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये त्या पद्धतीने फोकस फार सावकाश लागतो.

लेन्सबाबत दोन टोके दिसतात. कोणी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स तेवढीच नेतो आणि वाघ ठिपक्याएवढा येतो. कोणी १५०-६०० भाड्याने घेतो आणि सुमारे दोन किलोचे ते वजन पहिल्यांदा जिप्सीतच पेलू पाहतो. पहिल्या सफारीला ५५-२५० किंवा ७०-३०० पुरेशी असते, कारण लहान सेन्सरच्या कॅननवर २५० मिलिमीटरची लेन्स सुमारे ४०० इतके जवळचे दाखवते. मोठी लेन्स घ्यायचीच असेल तर आठवडाभर आधी घ्यावी आणि घारींवर, बगळ्यांवर, गल्लीतल्या पळत्या कुत्र्यांवर सराव करावा. जिप्सीत तिपाई उघडायला जागा नसते. जाड कापडाची पिशवी रिकामी न्यावी, मुक्कामी तांदूळ किंवा हरभरे भरून गाडीच्या दांड्यावर ठेवावी आणि तिच्यावर लेन्स टेकवावी. चालकाला इंजिन बंद करायला सांगावे, नाहीतर त्याची थरथर पिशवीतूनही वर येते.

कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ अंगावर येत असते, तेव्हा लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर माती घेणे. एकच लेन्स लावून निघावे आणि गाडी चालू असताना कॅमेऱ्यावर सुती कापड टाकावे. पावसाळ्यात बफरच्या, म्हणजे गाभा क्षेत्राबाहेरच्या जंगलाच्या, सफारीला जाताना वातानुकूलित खोलीतून थेट दमट हवेत आल्यास काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून अर्धा तास आधी बाहेर काढावा आणि वाफ धरलीच तर पुसत न बसता ती उडू द्यावी.

अस्वलाच्या काळ्या अंगाने फ्रेम भरली की कॅमेरा फोटो उजळ करून ते राखाडी दाखवतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) भरपाईच्या मापावर उणे एकवर न्यावे. पांढऱ्या बगळ्यासाठी उलट करावे आणि लगेच शून्यावर आणावे. ही शेवटची पायरी विसरल्याने पुढचे चाळीस फोटो वाया गेलेले मी पाहिले आहेत.

सलग फोटो काढताना कॅमेरा मध्येच थबकला तर तो बिघडलेला नसतो. स्वस्त कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या आकाराच्या) फोटोंनी चटकन भरते आणि हळू कार्ड ती रिकामी करायला वेळ घेते. बटण दाबून धरण्याऐवजी तीन-तीन फोटोंचे झटके घ्यावेत. कार्ड घरीच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे, दुसरी भरलेली बॅटरी खिशात ठेवावी आणि सकाळच्या फेरीचे फोटो दुपारी खोलीवर मोठे करून पाहावेत, म्हणजे संध्याकाळच्या फेरीपूर्वी शटर बदलायचे की फोकसचा बिंदू, हे ठरवता येते.