निहालीतली मोजणी लिहून घ्यायची असेल तर

बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलणारे लोक आहेत, जेमतेम दोन-अडीच हजार, आणि ही भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषाकुळात बसत नाही. तिथे तुमची कुणाशी ओळख असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मोजणी रेकॉर्ड करून घ्याच, खूप मोलाचं काम आहे ते.

पण 'पाचला काय म्हणता, सहाला काय म्हणता' असं विचारत बसू नका, माणूस गोंधळतो नाहीतर तुमचाच शब्द तुम्हाला परत देतो. त्यापेक्षा चिंचोके समोर ठेवा, किंवा संध्याकाळी शेळ्या घरी आल्या की मोजायला सांगा आणि मोबाईल चालू ठेवा, अर्थात आधी विचारून.

बिदुम, इरार, मोथो, नालो असं चारपर्यंत येईल (गावागणिक उच्चार थोडा बदलू शकतो, जसा ऐकाल तसाच लिहा). पुढे पाचपासून मराठी-हिंदीतले शब्द लागतात. इथे बरेच जण 'नाही नाही, तुमचा खरा शब्द आठवा' म्हणून मागे लागतात, प्लीज असं करू नका, समोरच्याला आपलीच भाषा कमी वाटायला लागते आणि मग कुणीतरी शब्द बनवूनही सांगतं. उसना असला तरी आज तोच त्यांचा शब्द आहे, बाजूला फक्त खूण करून ठेवा. आणि तसं बघितलं तर इरार, मोथो, नालो हेही द्रविड भाषांकडून आलेले मानतात, कन्नडमधलं मूरू, नाल्कू आठवून बघा म्हणजे लगेच कळेल.

दुसरी अडचण शेजारच्या कोरकू भाषेची, कारण बरेच निहाली लोक कोरकूही बोलतात आणि मोजताना सरमिसळ होते. म्हणून कोरकूची यादी खिशात ठेवा: मिया, बारी, आफई, उफून, मोनोय, तुरुई, येई, इलार, आरई, गेल. मध्येच मोनोय ऐकू आलं तर खोडू नका, 'कोरकू' असं लिहून ठेवा.

मग उलटं मोजायला सांगा. दोन माणसं, दोन शेळ्या, दोन दिवस असं वेगवेगळं विचारा, शब्दाचं रूप बदलतं का ते तिथेच कळतं. विसाच्या पुढे आपल्याकडचे जुने लोक 'तीन विसा' म्हणतात तसं काही आहे का तेही बघा.

प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्या, फाईलला गाव आणि तारीख टाका, आणि एक कॉपी त्याच घरातल्या पोरांच्या मोबाईलवर तिथल्या तिथे पाठवून द्या.