पुदिना धावतो, त्याला पसरट कुंडी द्या

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचे तीन-चार आठवडे पुदिना लावायला वर्षातले सगळ्यात सोपे. पाऊस उघडलेला असतो, हवेत थोडा दमटपणा शिल्लक असतो आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत थंडावा. आत्ता लावलेली काडी नोव्हेंबरअखेर पहिली कापणी देते, आणि उन्हाळा यायच्या आत तिची मुळं कुंडीभर पसरतात. ऑक्टोबरचं ऊन दुपारी चटके देतं खरं, पण तेवढे दोन-तीन तास नव्या काड्यांवर जुनी ओढणी किंवा शेडनेटचा तुकडा टाकला की भागतं.

"आमच्याकडे पुदिना टिकतच नाही," असं बरेच जण सांगतात. कुंडी कसली आहे विचारलं की बहुतेक वेळा उत्तर एकच: तुळशीची असते तशी, खोल आणि अरुंद. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. पुदिना खाली जात नाही, आडवा जातो. मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांतून त्याची पांढरट खोडं सरपटत निघतात, आणि प्रत्येक पेराला खाली मुळं, वर कोंब फुटतो. नर्सरीवाले त्यांना रनर म्हणतात. हा रनर कुंडीच्या भिंतीला आपटला की कडेकडेनेच फिरत राहतो. मग सहा-आठ महिन्यांनी कडेला हिरवी झालर आणि मधे टक्कल, असं दिसू लागतं. खोल कुंडीच्या तळाची माती तर मुळांनी वापरलेलीच नसते. ती ओली राहते, आंबूस वास मारते आणि वरच्या मुळांनाही कुजवते.

म्हणून सिमेंट-वाळू वाहायचं प्लास्टिकचं घमेलं आणा. पुदिन्याला याहून चांगलं भांडं मला सापडलेलं नाही. तापवलेल्या सळईने तळाला आठ-दहा भोकं पाडा, घमेलं दोन विटांवर ठेवा, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. फळांचा जुना क्रेट आतून पोत्याने मढवला तरी चालतो. मातीचा थर सात-आठ इंच मिळाला की पुरे. रुंदी मात्र हवी, १६ इंचांच्या आसपास.

माती भरताना शेतातली काळी माती तशीच घालू नका. कुंडीत ती पावसात लगदा होते आणि उन्हात तडकते, आणि प्रत्येक तडा दोन-चार रनर तोडून जातो. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वरून मूठभर निंबोळी पेंड एवढं मिश्रण पुरतं.

आता जात कोणती लावायची. मंडईत जुडीने मिळतो तो आपला साधा पुदिना बहुधा स्पिअरमिंट असतो. पान सुरकुतलेलं, कडेला दातेरी, देठ जवळजवळ नाहीच, पान थेट खोडाला चिकटल्यासारखं. वास गोडसर. चटणीला, मठ्ठ्याला, पाणीपुरीच्या पाण्याला हाच. त्याच्या वासातला मुख्य घटक कार्व्होन. गंमत म्हणजे हाच रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होऊन बाळंतशेपेत असतो, आणि नाकाला तो पूर्ण वेगळा लागतो. पुदिन्याचं पान आणि बाळंतशेप एकामागून एक चुरगाळून बघा.

पेपरमिंट ही वेगळी जात. पानाला स्पष्ट देठ, पान गुळगुळीत आणि गडद, खोडावर जांभळट झाक. चावलं की तोंड गार पडतं, कारण त्यात मेंथॉल भरपूर. चहाला उत्तम. चटणीला घातलात तर घरचे विचारतील की टूथपेस्ट वाटली का. चॉकलेट मिंट म्हणून मिळते तो पेपरमिंटमधूनच निवडलेला एक वाण आहे, खोड तपकिरी आणि वासात कोकोची पुसट छटा. ही दोन्ही थंडीत खुश असतात, एप्रिल-मेमध्ये देशावर आणि विदर्भात रुसतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे घर असेल तर प्रश्नच नाही.

जपानी पुदिना, म्हणजे मेंथॉल काढायचा, घरी लावायच्या फंदात पडू नका. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला याची शेतंच्या शेतं असतात, आणि लखनऊच्या सीमॅप या संस्थेने कोसी, सिम-क्रांती असे त्याचे वाण दिले आहेत. पण ते तेलासाठी. पान कडवट, जिभेला झोंबणारं. नर्सरीत चुकून हाच हातात पडला तर फुलांवरून ओळखता येतो: याची फुलं पानांच्या बगलेत गोल झुबक्यांनी येतात, साध्या पुदिन्याची आणि पेपरमिंटची शेंड्याला तुऱ्यात.

हौस असेल तर बर्गामोट मिंट लावा, संत्र्याच्या सालीसारखा वास, सरबतात छान. पायनापल मिंट दिसायला देखणी, पानाला पांढरी किनार. तिच्यात मधूनच पूर्ण हिरवी फांदी निघते, ती दिसताक्षणी मुळापासून काढा. हिरवी फांदी जोरदार असते, ती राहिली तर वर्षभरात किनारवाली फांदी दिसणारही नाही. आणि मखमली, मांसल पानांचं, नाक मोकळं करणाऱ्या वासाचं जे झाड मिंट म्हणून खपवलं जातं, ते पुदिना नव्हेच. ते ओव्याच्या पानाचं भावंड. विकत घेण्याआधी पान चुरगाळून वास घ्या, नावाच्या पाटीवर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी दोनच: साधा आणि पेपरमिंट. आणि दोन घमेल्यांत. एकत्र लावले की वास एकमेकांत मिसळतो, असं सांगितलं जातं. ते खरं नाही, शेजारच्या झाडाचा वास पानात येत नाही. होतं ते असं की जोरकस जातीचे रनर दुसरीच्या मुळांत घुसतात आणि सहा महिन्यांत कुंडीत एकच जात उरते. तुम्हाला मात्र वाटतं की पेपरमिंटचा वास बदलला.

बियांच्या पाकिटांचं सांगून टाकते. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर आहे आणि तो वांझ असतो, म्हणून त्याचं खात्रीचं बी मिळतच नाही. हे कळायच्या आधी मी ऑनलाइन पेपरमिंट बी मागवलं होतं. पंधरा दिवस मोहरीहून बारीक रोपांवर फवाऱ्याने पाणी मारत बसले, आणि तीन महिन्यांनी हाती आलं ते गवताच्या वासाचं काहीतरी. पुदिना काडीनेच लावायचा.

साध्या पुदिन्याची काडी मंडईतल्या दहा-वीस रुपयांच्या जुडीत असते. जुडी घेताना वरची पानं नव्हे, बुडखा बघा. रबर सोडून काड्या पसरवल्या की दोन-तीन काड्यांच्या खालच्या पेराला केसासारखी पांढरी मुळं आधीच फुटलेली दिसतात, कधी रनरचा तुकडाही उपटून आलेला असतो. त्या काड्या बाजूला काढा, बाकीची चटणीला. चार ते सहा इंचांची काडी, खालच्या दोन पेरांची पानं काढलेली, शेंडा खुडलेला. शेंडा ठेवला तर काडी मुळं फुटण्याआधी पानं पोसत बसते आणि माना टाकते. काचेच्या ग्लासात दोन पेरं बुडतील एवढं पाणी घ्या, रोज बदला. आठवड्या-दहा दिवसांत मुळं येतात. ती इंचभर झाली की लावा. महिनाभर पाण्यात लोंबणारी मुळं मातीत गेल्यावर पुन्हा नव्याने फुटावी लागतात.

घमेल्यात चार-चार इंचांवर सात-आठ काड्या लावा. काडी उभी नको, तिरकी लावा आणि दोन पेरं मातीखाली जाऊ द्या. मंडईतल्या काड्यांबरोबर रोगही येऊ शकतो, म्हणून पहिले दोन आठवडे हे घमेलं जुन्या पुदिन्यापासून लांब ठेवा आणि पानं उलटी करून बघत जा.

तुमच्याकडे आधीचा पुदिना पावसाळ्यातून तगून निघाला असेल, तर नवीन आणायची गरज नाही. याच दिवसांत त्याची फेरलावणी करा. आदल्या दिवशी पाणी देऊन कुंडी उलटी करा. गड्डा बाहेर आला की मुळांचं वेटोळं दिसेल, अगदी चुंबळीसारखं. जुन्या सुरीने त्याचे चार तुकडे करा. मधला लाकडी, काळपट भाग फेकून द्या. कडेचे पांढरे, टणक रनर निवडा, बोटभर लांबीचे तुकडे करून नव्या मातीत इंचभर खोल आडवे ठेवा. वर्षातून एकदा हे केलं की टक्कल पडत नाही.

जमिनीत, परसात लावणार असाल तर सावध. आमच्या ओळखीच्या एका घरी कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी पुदिना लावला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कोथिंबिरीचा वाफा उरलाच नाही. बूड कापलेली बादली जमिनीत फूटभर पुरून तिच्या आत पुदिना लावा. बादलीची कड जमिनीच्या दोन बोटं वर राहू द्या, नाहीतर रनर वरून उडी मारतो.

पाण्याचं गणित हवामानावर. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला, कोरडं लागलं की पाणी द्या. ऑक्टोबरमध्ये बहुधा रोज, डिसेंबर-जानेवारीत दिवसाआड, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ. एकदाच द्यायचं तर पाणी सकाळी द्या, आणि नेहमी मातीवर. संध्याकाळी पानांवर मारलेलं पाणी रात्रभर राहतं आणि तांबेऱ्याला, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाला, आमंत्रण देतं. खाली बशी ठेवत असाल तर ती रिकामी करत जा, डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं. ऊन सकाळचं चार-पाच तास हवं. नुसत्या सावलीतला पुदिना लांबुडका होतो, पानं विरळ आणि वास पाणचट.

तांबेरा हा पुदिन्याचा खरा शत्रू. पानाच्या पाठीवर नारिंगी ठिपके येतात, बोट फिरवलं तर हळदीकुंकवासारखी भुकटी लागते. थोडी पानं असतील तर फांद्यांसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. सगळी कुंडी लागली असेल तर मातीलगत छाटा. आवडती जात वाचवायची असेल तर रनर धुऊन ४४ अंश सेल्सियसच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे आणि नव्या मातीत लावायचे. थर्मामीटर वापरा, हाताच्या अंदाजाने रनर शिजतात. बुरशीनाशक फवारू नका, ही पानं आपण कच्ची खातो. फेब्रुवारीनंतर लाल कोळी येतो, पानावर बारीक पिवळे टिपके आणि खाली जाळी. पानांच्या पाठीवर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा तीन-चार दिवस मारला की आवरतो. माव्यालाही तेच. तरीही हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि थोडं साबणाचं पाणी, आणि त्यानंतर आठवडाभर पानं तोडायची नाहीत.

लावणीनंतर ४० ते ४५ दिवसांत झाड सहा-आठ इंच होतं, तेव्हा पहिली कापणी. एकेक पान तोडू नका. पान तोडलं की खोड उघडं राहतं आणि लाकूड होत जातं. कात्रीने मातीपासून दोन पेरं ठेवून पूर्ण फांदी कापा, त्या दोन पेरांतून चार फांद्या येतील. माझी पद्धत अशी: आज अर्धं घमेलं कापायचं, उरलेलं पंधरा दिवसांनी. म्हणजे घरात पुदिना कधी संपत नाही. एकेक भाग २५-३० दिवसांत पुन्हा तयार होतो. कापल्यावर मूठभर गांडूळखत पसरून पाणी द्या, एवढंच. युरियाची चिमूट घालायचा मोह होतो. त्याने पानं तळहाताएवढी होतात आणि चटणीला चव राहत नाही. कळ्या दिसल्या की लगेच कापा, वास फुलं येण्याआधीच सगळ्यात जास्त असतो.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचा प्रश्न मोठा, तिथे जूनमध्ये घमेलं वळचणीच्या आत, पन्हळीच्या धारेपासून लांब सरकवा. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून ५० टक्के ऊन अडवणारं शेडनेट लावा आणि मातीवर वाळल्या पानांचा थर द्या. मेमध्ये वरचं सगळं वाळलं तरी कुंडी रिकामी करू नका. छाटून सावलीत ठेवा, माती ओलसर राहील एवढं पाणी देत राहा. रनर जिवंत असतात, मृगाच्या पहिल्या दोन सरींनंतर कडेने कोंब वर येतात.